किती वजन उचलावें?

नरखेड तालुक्यांतून एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांतील प्रश्न आज पुष्कळ घरांतून विचारला जात असावा, म्हणून त्याचें उत्तर खाजगी रीतीनें न पाठवितां या पानांतच देण्याचें योजिलें आहे. लिहिणाऱ्या बाईंचें नांव व गांव अर्थातच गाळलें आहे.

त्यांचें घर मोठें आहे. सासूसासरे, दोन दीर, एक जाऊ, धाकटी नणंद आणि मुलेंबाळें मिळून बारा माणसें एका स्वयंपाकांत जेवतात. वर्धा नदीच्या बाजूस संत्र्यांची बाग आहे. नणंद एकोणीस वर्षांची. तालुक्याच्या गांवीं कॉलेजांत शिकते आणि दोन महिन्यांपासून तेथील जिममध्यें जाऊन पॉवरलिफ्टिंग शिकूं लागली आहे. जमिनीवरून वजन उचलण्याच्या प्रकारांत पहिल्या दिवशीं तिनें ३० किलो उचलले. दोन महिन्यांनीं ५०. तिनें लगेच त्रैराशिक मांडलें: दोन महिन्यांत २० किलो वाढले, तर बारा महिन्यांत १२०; म्हणजे वर्षअखेर १५०! हा आंकडा तिनें खोलीच्या भिंतीवर खडूनें लिहून ठेविला आहे. सासूबाईंचें म्हणणें अगदीं उलट. बाईमाणसानें दहा किलोंच्या पुढें हात घालूं नये, पोटाला अपाय होतो, आणि मुलीचें अजून लग्न व्हावयाचें आहे. पत्रलेखिका मधल्यामधें सांपडल्या आहेत. त्या विचारतात, “वन्संना किती सांगूं? आणि खरें सांगायचें तर मलाही शिकावेंसें वाटतें. मी चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई आहें. मीं किती मनांत धरावें? मामंजींपुढें विषय काढण्याआधीं निश्चित असें कांहीं हातीं असावें.”

पत्राच्या शेवटीं एक गोष्ट सहज लिहिल्यासारखी आली आहे, पण माझ्या मतें पत्राचें मूळ तीच आहे. गेल्या वर्षीं आजेसासूबाई न्हाणींत पाय घसरून पडल्या. खुब्याचें हाड मोडलें. त्यानंतर त्या पुन्हां चालल्या नाहींत, आणि पांच महिन्यांत गेल्या.

प्रथम हा खेळ कोणता तें स्पष्ट केलेलें बरें, कारण दोन निरनिराळे खेळ लोकांच्या मनांत एक झाले आहेत. मीराबाई चानू यांनीं टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत २०२१ सालीं रौप्यपदक मिळविलें तो खेळ वेटलिफ्टिंगचा. त्यांत वजन जमिनीवरून डोक्यावर न्यावें लागतें. ४९ किलो वजनी गटांत त्यांनीं एका प्रकारांत ८७ व दुसऱ्यांत ११५ किलो उचलले. पॉवरलिफ्टिंगमध्यें वजन डोक्यावर न्यावयाचें नसतें. त्याचे प्रकार तीन. खांद्यांवर रॉड घेऊन बैठक मारून उठणें हा स्क्वॉट. बाकावर उताणें पडून छातीपासून रॉड वर ढकलणें हा बेंच प्रेस. आणि जमिनीवरचा रॉड दोन्ही हातांनीं धरून ताठ उभें राहणें हा डेडलिफ्ट. स्पर्धेंत प्रत्येक प्रकारास तीन वेळां प्रयत्न करतां येतो, त्यांतील सर्वांत मोठा यशस्वी आंकडा धरतात, आणि तिन्ही आंकड्यांच्या बेरजेवर निकाल लागतो. नुसत्या रॉडचेंच वजन २० किलो असतें. या खेळाचा आंतरराष्ट्रीय संघ १९७२ सालीं स्थापन झाला. स्त्रियांच्या जागतिक स्पर्धा १९८० पासून होत आहेत. चाळिशीपुढील खेळाडूंसाठीं वयाप्रमाणें निराळे गट असतात, सत्तरी ओलांडलेल्यांचा सुद्धां.

आपल्या मराठी घरांतून हा खेळ मुळींच नवा राहिलेला नाहीं. पुण्याच्या डॉ. शर्वरी इनामदार या आयुर्वेदाच्या वैद्य. त्यांनीं २०२१ सालीं इस्तंबूल येथील आशियाई स्पर्धेंत चार सुवर्णपदकें मिळविलीं. भावना टोकेकर या हवाई दलांतील अधिकाऱ्याच्या पत्नी व दोन मुलांच्या आई. त्या चाळिशी उलटल्यावर वजनांच्या व्यायामाकडे वळल्या, आणि २०१९ सालीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, रशियांतील चेल्याबिन्स्क येथील स्पर्धेंत चार सुवर्णपदकें घेऊन आल्या. खेळ दुसरा, पण नरखेडच्या मुलींना जवळचें वाटावें असें आणखी एक उदाहरण मनमाडचें आहे. मनमाडही नरखेडसारखेंच रेल्वेचें जंक्शन. तेथील आकांक्षा व्यवहारे हिनें २०२२ सालीं मेक्सिकोंतील कुमारांच्या जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेंत ४० किलो गटांत ५९ आणि ६८ मिळून १२७ किलो उचलले व रौप्यपदक आणिलें.

हीं नांवें सांगण्याचा हेतु मुलींनीं त्यांचे आंकडे भिंतीवर लिहावे हा नव्हे. हेतु एवढाच कीं वय, लग्न, मुलें किंवा गांवाचा लहानपणा हीं कारणें पुढें करण्यास आतां जागा नाहीं. तथापि हे आंकडे ज्या झाडाचें फळ आहेत तें झाड कित्येक वर्षांपूर्वीं लाविलेलें असतें, आणि बागाईतदारांच्या घरीं हें अधिक सांगण्याची जरूरी नाहीं. संत्र्याचें कलम लाविल्यावर पहिल्या वर्षीं कोणी फळाची टोपली घेऊन उभें राहत नाहीं.

मींही एकदां हें त्रैराशिक मांडलें होतें. पन्नाशीनंतर मीं हा व्यायाम सुरू केला आणि दहा आठवड्यांत डेडलिफ्टमध्यें २० किलोंवरून ४५ पर्यंत गेलें. एका रविवारीं, शिक्षक जवळ नसतांना, वाढदिवस म्हणून मीं ६० किलोंचा रॉड लाविला. रॉड गुडघ्यापर्यंत आला, पाठ वांकली, आणि कमरेंत उसण भरली. तीन आठवडे मला पाटावर बसतां आलें नाहीं. घरांत ज्यांनीं आधीं ‘हें या वयाचें काम नव्हे’ असें म्हटलें होतें, त्यांना तें पुन्हां म्हणावयास कारण मिळालें. कमरेचें दुखणें तीन आठवड्यांत गेलें. तें बोलणें जाण्यास वर्ष लागलें. चुकीचा आंकडा शरीराला इजा करतोच, पण घरांतील बायकांच्या पुढच्या दहा इच्छांनाही इजा करतो. म्हणून वन्संचा आंकडा किती, हा प्रश्न एकट्या वन्संचा नाहीं.

त्रैराशिक धान्याला लागतें, शरीराला लागत नाहीं. पहिल्या आठदहा आठवड्यांत जी झपाट्याची वाढ दिसते, ती बहुतांशीं स्नायूंची वाढ नसते. असलेल्याच स्नायूंना एकाच वेळीं आणि नीट क्रमानें कामाला लावण्यास मेंदू व मज्जातंतु शिकत असतात. सायकल शिकणारें मूल आठ दिवसांत धडपडणें थांबवितें, म्हणून आठ दिवसांत त्याचे पाय बळकट झाले असें आपण म्हणत नाहीं. हें शिकणें झालें कीं पुढची प्रगति स्नायूंच्या खऱ्या वाढीवर अवलंबून राहते, आणि ती आठवड्यांनीं नव्हे तर महिन्यांनीं मोजावयाची असते. स्नायूंना हाडांशीं बांधणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडें तर त्याहूनही सावकाश बळावतात. रॉडच्या दोन्ही टोकांस सव्वा सव्वा किलोची प्लेट लाविली म्हणजे अडीच किलो होतात. दर आठवड्यास एवढीच वाढ वर्षभर होत राहिली, तर ती १३० किलो होईल! तसें होत असतें तर गांवोगांव जगज्जेत्या दिसल्या असत्या. ५७ किलो गटांतील जगांतल्या उत्तम स्त्रिया डेडलिफ्टमध्यें २०० किलोंहून अधिक उचलतात हें खरें. पण तें एका वर्षाचें काम नव्हे, आणि सर्वांच्या हाडापेराला तें साधतेंच असेंही नाहीं.

मग माप कोणतें घ्यावें? माझ्या मतें दोन मापें घ्यावींत. एक, स्वतःच्या शरीराचें वजन. दुसरें, स्वतःचीच तीन महिन्यांपूर्वींची वही. निरोगी तरुण स्त्रीनें आठवड्यांतून तीन दिवस, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीं, एक वर्ष नेमानें मेहनत केली, तर साधारणतः डेडलिफ्टमध्यें आपल्या वजनाच्या सव्वापट ते थोडें अधिक, स्क्वॉटमध्यें जवळजवळ आपल्या वजनाइतकें, आणि बेंच प्रेसमध्यें आपल्या वजनाच्या निम्म्याहून थोडें अधिक अशी मजल गाठणें अशक्य नाहीं. बेंच प्रेसचा आंकडा लहान पाहून पुष्कळ मुली हिरमुसतात. स्त्रीच्या व पुरुषाच्या शक्तींतील अंतर पायांपेक्षां हातांत व खांद्यांत अधिक असतें, ही निसर्गाची योजना आहे. तेव्हां भावाच्या आंकड्याशीं तुलना करूं नये. आरंभीं नुसता २० किलोंचा रॉडही या प्रकारांत जड होतो. त्यावेळीं पांच पांच किलोंचे डंबेल घ्यावे. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

वन्संचें वजन पत्रांत ५२ किलो दिलें आहे. वरील हिशेबानें वर्षअखेर डेडलिफ्ट ७०, स्क्वॉट ५० आणि बेंच प्रेस ३० हे आंकडे त्यांनीं समोर ठेवावे. वाचक भगिनींनीं बेरीज करून पाहावी: ती १५० होते. तेव्हां भिंतीवरचा आंकडा पुसण्याचें कारण नाहीं. त्यापुढें ‘तिन्हींची बेरीज’ एवढे दोन शब्द फक्त लिहावे. दुसऱ्या वर्षीं वाढ पहिल्याच्या निम्म्यानें किंवा त्याहूनही कमी होईल, हें आजच सांगून ठेवावें. नाहींतर त्या वेळीं आपलेंच कांहीं चुकलें असें वाटून मुली व्यायाम सोडतात.

रीत सोपी आहे. एका प्रकाराची पांच पांच वेळांचीं तीन आवर्तनें करावींत आणि प्रत्येक आवर्तन संपतांना आणखी दोन वेळां उचलतां आलें असतें एवढें बळ हातचें राखावें. सर्वांत मोठें वजन दररोज आजमावून पाहूं नये. तें तीनचार महिन्यांतून एकदां, शिक्षकासमोर पाहावें. मधल्या काळांत अंदाज हवा असेल तर पांच वेळां उचललेल्या वजनांत त्याचा सहावा हिस्सा मिळवावा: ४५ किलो पांच वेळां उचलले, तर एक वेळ सुमारें ५२ उचलतील. चारपांच आठवड्यांनंतर एक आठवडा हलकें काम करावें. पाठीची ठेवण मोडूं लागली, एखादा सांधा दुसऱ्या दिवशींही दुखत राहिला, किंवा झोंप व भूक कमी झाली, तर वजन उतरवावें. हीं तीन लक्षणें दिसत असतां वाढविलेला किलो हा उसना असतो, आणि शरीर तो व्याजासह परत घेतें.

आतां पत्रलेखिका स्वतः. आपलें वजन ५८ किलो, दोन बाळंतपणें झालेलीं, आणि दिवसांतून मोकळी अशी फार तर पाऊण तासाची वेळ. आपण वन्संशीं बरोबरी करूं नये. पहिल्या सहा महिन्यांत एकच हेतु ठेवावा: भरलेल्या गॅसच्या सिलिंडरइतकें, म्हणजे सुमारें ३० किलो वजन, पाठ सरळ ठेवून जमिनीवरून पांच वेळां उचलतां यावें. वर्षअखेर डेडलिफ्टमध्यें आपल्या वजनाइतके ५५ ते ६० किलो, स्क्वॉटमध्यें ३५ ते ४० आणि बेंच प्रेसमध्यें २० ते २५ किलो झाले, तर तें उत्तम यश समजावें.

सासूबाईंविषयीं आपण कांहींच विचारलें नाहीं. पण मला वाटतें, या घरांत सर्वांत अधिक गरज त्यांना आहे. त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत, आणि त्यांच्याच सासूबाई खुब्याचें हाड मोडून गेल्या. विटाळ थांबल्यावर स्त्रीचीं हाडें झपाट्यानें विरळ होऊं लागतात. ऑस्ट्रेलियांतील एका प्रयोगाची हकीकत २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. हाडें विरळ झालेल्या, ५८ वर्षांपुढील १०१ स्त्रिया त्यांत होत्या. त्यांतील एका गटाकडून आठवड्यांतून दोनदां, अर्धा अर्धा तास, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, डेडलिफ्ट व स्क्वॉट यांसारखे जड वजनांचे प्रकार करून घेतले; दुसऱ्या गटानें घरीं हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनीं पहिल्या गटाच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली होती, दुसऱ्याची घटली होती. जड वजनांमुळें कोणाचें हाड मोडलें नाहीं. अर्थात् तेथेंही आरंभ हलक्या वजनांनींच केला होता.

सासूबाईंनीं आधीं डॉक्टरांकडून हाडें व रक्तदाब तपासून घ्यावा. नंतर त्यांचें पहिलें लक्ष्य किलोंत लिहूं नये. खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां दहा वेळां उठतां येणें हें पहिलें. पाटावरून तसेंच उठतां येणें हें दुसरें. त्यानंतर पांच किलोंच्या पिठाच्या पिशवीपासून आरंभ करून वर्षअखेर १५ ते २० किलो जमिनीवरून उचलतां आले, तर वन्संच्या ७० किलोंपेक्षां मी त्यांना कमी मानणार नाहीं.

त्यांच्या भीतीची मात्र थट्टा करूं नये. ती अनुभवांतून आली आहे. पूर्वीं बाळंतपणानंतर पुरती विश्रांति न मिळतां पाण्याचे गुंड वाहावे लागत, पोटांत पुरेसें अन्न नसे, आणि कित्येकींना अंग बाहेर येण्याचा त्रास जन्मभर होई. तेव्हां नुकतें बाळंतपण झालेलें असल्यास, अंग बाहेर येत असल्यास किंवा हर्निया असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून रॉडला हात लावूं नये. परंतु निरोगी मुलीचें गर्भाशय क्रमाक्रमानें वाढविलेल्या वजनांनीं बिघडतें, या समजुतीस आधार नाहीं. विटाळाच्या दिवसांतही बरें वाटत असल्यास व्यायाम करण्यास हरकत नाहीं. स्नायू पुरुषांसारखे दिसूं लागतील हीही भीति व्यर्थ आहे, कारण तसे स्नायू बनविणारा रस पुरुषांच्या रक्तांत अनेक पटींनीं अधिक असतो. आणि सासूबाईंना नम्रपणें इतकें विचारावें कीं, सिलिंडर स्वयंपाकघरांत कोण सरकवितें? झोंपलेल्या नातवाला माडीवर कोण नेतें? बागेंत वीस किलोंच्या घरांतलें संत्र्यांचें कॅरेट डोक्यावर घेऊन दिवसभर येरझारा घालणाऱ्या बाईच्या पोटाची काळजी आपल्यापैकीं कोणी कधीं केली आहे काय? वजन बायका उचलीतच आल्या आहेत. आतां तें शिकून, मोजून आणि खाऊनपिऊन उचलावें, एवढेंच म्हणणें आहे.

खाऊनपिऊन हा शब्द मुद्दाम घातला आहे. कारण पुष्कळ मुलींचा आंकडा जिममध्यें नव्हे, स्वयंपाकघरांत अडतो. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी असल्याचें आढळलें. म्हणून आरंभींच रक्त तपासून घ्यावें. प्रथिनें साध्या राहणीस वजनाच्या दर किलोस सुमारें ०.८३ ग्रॅम पुरतात, परंतु असा व्यायाम करणारीस १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. वन्संच्या वजनाला तीं ६२ ते ८३ ग्रॅम होतात. शाकाहारी घरांत हें जमत नाहीं, असें नाहीं. अर्धा लिटर दूध, पन्नास ग्रॅम डाळीचें दाट वरण, चार पोळ्या, वाटीभर उसळ, वाटीभर दहीं, मूठभर शेंगदाणे आणि पन्नास ग्रॅम पनीर एवढ्यानें साठीचा आंकडा ओलांडतो. पण हें सर्व पानांत पडलें पाहिजे. ज्या घरांत बायका शेवटीं बसतात आणि तळाशीं उरलेलें पातळ वरण घेतात, त्या घरांत कोणताही आंकडा भिंतीवरच राहील.

तेव्हां मामंजींपुढें विषय काढतांना जिमच्या फीपासून आरंभ करूं नये. तीन गोष्टी मागाव्या: आठवड्यांतून तीन दिवस पाऊण तास कोणाचाही हिशेब न देतां, पानांत पुरेसें वरण व दूध, आणि वर्षाची मुदत. त्यांच्या आईचे शेवटचे पांच महिने त्यांनींच जवळून पाहिले आहेत. त्यांना याहून अधिक समजावून सांगावें लागणार नाहीं, असा माझा विश्वास आहे.

घरांत एक वही करावी. पहिल्या पानावर तिघींचीं नांवें, वजनें आणि आजची तारीख असावी. सासूबाईंच्या रकान्यांत किलो न लिहितां ‘खुर्चीवरून किती वेळां’ हें लिहावें. पुढील वर्षीं याच महिन्यांत त्या वहीचें पहिलें व शेवटचें पान उतरून आम्हांस पाठवावें. आंकडे लहान असले तरी चालतील. पण ते खरे असावे.